कुणी काय आवरायचं?

दिंडोरी हे नाव महाराष्ट्राला दोन ठिकाणी वाचायला मिळतं. एक, गावोगावच्या स्वामी समर्थ केंद्रांच्या पाट्यांवर, कंसात ‘दिंडोरी प्रणित’ असं. आणि दुसरं, सुला कंपनीच्या ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ नावाच्या वाइनच्या बाटलीवर. संयमाने आणि चैनीने एकाच तालुक्याचा पत्ता द्यावा, याचं इथे कुणाला फारसं काही वाटत नाही. पाटी वाचणारे वेगळे आणि बाटली वाचणारे वेगळे, असं धरून सगळं सुरळीत चाललेलं असतं.

माझंही चाललं होतं. पण तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार स्नेह्यांचं बोलणं डोक्यातून जाईना. त्यांच्या बागेत थिनिंगला, म्हणजे घडांच्या विरळणीला, आलेल्या बायकांची जेवणाच्या सुट्टीआधी कशावरून तरी बाचाबाची झाली होती. ते म्हणाले, “या लोकांचा ना जिभेवर ताबा, ना रागावर. हातात पैसे आले की भजी-वडापाव, आणि जरा खुट्ट झालं की भांडण. ज्याला खाणं आवरत नाही त्याला बोलणं काय आवरणार?” बोलणं चीड आणणारं होतंच. पण जास्त चीड आली ती अशी की, त्यातलं शेवटचं वाक्य आपल्या ग्रंथांनी, कीर्तनकारांनी आणि डॉक्टरांनी आपापल्या परीने सांगितलेलंच आहे, आणि मी त्याला आजवर मान डोलावत आलो आहे.

समतोल आहार म्हणजे काय, हे आता कुणाला सांगायला नको. भाकरी, डाळ, पालेभाजी, उसळ, तेल-मीठ-साखर बेताने. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे आणि ज्ञानेश्वरीत त्याचा विस्तार आहे. रागाच्या भरात बोलू नये, हे शाळेच्या भिंतीवर आहे. हे सगळं ठाऊक असून आपण तसं वागत नाही, हेही ठाऊक आहे.

मला याहून कामाचा वाटतो तो चरकसंहितेतला एक अध्याय. सूत्रस्थानातला सातवा, नाव ‘नवेगान्धारणीय’. त्यात चरकाने माणसाला येणाऱ्या वेगांच्या दोन याद्या केल्या आहेत. पहिली यादी कधीही अडवू नयेत अशा तेरा वेगांची. मलमूत्र, शिंक, ढेकर, जांभई यांच्याबरोबर त्यात भूक आहे, तहान आहे, झोप आहे, श्रमाने लागलेली धाप आहे आणि डोळ्यांतलं पाणीही आहे. हे अडवलं की रोग होतात, असं तो एकेक घेऊन सांगतो. दुसरी यादी आवरायलाच हवेत अशा वेगांची. मनाच्या वेगांत पहिला लोभ, मग शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जपणा, मत्सर वगैरे. वाणीच्या वेगांत कठोर बोलणं, फार बोलणं, चहाडी, खोटं आणि अवेळी बोललेलं.

या दोन याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. शोक आवरावा, पण अश्रू अडवू नयेत! लोभ आवरावा, पण भूक मारू नये! शरीराची हाक वेगळी आणि मनाची हाव वेगळी, हे त्या वैद्याला स्वच्छ दिसत होतं. आपल्या संयमाच्या उपदेशात नेमकी ही रेघ पुसली जाते. भुकेलेल्या माणसाने वडापावावर झडप घातली आणि जेवण झालेल्या माणसाने तिसरा गुलाबजाम घेतला, या दोन्हींना आपण ‘जिभेवर ताबा नाही’ असंच म्हणतो.

शिवाय ही रेघ पुसली की कार्यकारणही उलटं होतं. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने उपासमारीचा प्रयोग केला. 36 धडधाकट तरुण. हे सगळे युद्धात बंदूक धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले, त्यांतले बरेच शांततावादी ख्रिस्ती पंथांतले. म्हणजे रागावर आणि हिंसेवर काबू ठेवणं हा ज्यांच्या धर्माचा भाग, अशी निवडक माणसं. 24 आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. ती चिडचिडी झाली, एकमेकांवर करवादू लागली, ताटं चाटू लागली, पाकशास्त्राची पुस्तकं वाचत बसू लागली. रात्रंदिवस डोक्यात अन्नच. युद्धाला नाही म्हणण्याचं धैर्य ज्यांच्यात होतं, त्यांना शेजाऱ्याच्या जेवण्याचा आवाज सहन होईना. तेव्हा खाणं आवरत नाही म्हणून राग आवरत नाही, असं नसून बऱ्याचदा खायला मिळालेलं नसतं म्हणून राग आवरत नाही. पहाटे उठून भाकरी थापलेली, चहावर निघालेली, पिकअपमध्ये दाटीने उभी राहून बागेत आलेली बाई दुपारी एक वाजता शांत असावी, ही अपेक्षा त्या 36 जणांकडूनही पुरी झाली नसती.

हे मी स्नेह्यांना सांगितलं. ते हसले आणि वेलीकडे बोट दाखवलं. “हिला मनासारखं वाढू दिलं तर नुसता पालाच पाला. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग विरळणी. तोडल्याशिवाय गोडी येत नाही. माणसाचं तेच.”

दृष्टान्त देखणा आहे, आणि द्राक्षाच्या गावात तो हरघडी ऐकू येतो. पण तो पुरा सांगितला जात नाही. हंगाम संपल्यावर वेलीला विश्रांती देतात. पाणी देतात, खत देतात, काडीत आणि खोडात अन्नसाठा होऊ देतात, आणि मग कात्री लावतात. उपाशी वेलीची छाटणी करून गोडी आणलेला बागायतदार मी पाहिलेला नाही. वेलीला खायला घालून तोडायचं आणि माणसाला न घालताच तोडायचं, हा कसला दृष्टान्त? त्यावर ते म्हणाले, “तुम्ही फार ताणता.” मी ताणतो हे खरं आहे, पण दृष्टान्त मी काढला नव्हता.

इथे उपवासाविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे खाण्याच्या संयमाचं सर्वांत मोठं सार्वजनिक रूप म्हणजे उपवास, आणि आपल्या उपवासाचं ताट ही फार गमतीची गोष्ट आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणा, रताळं, हिरवी मिरची, हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं. जे शास्त्रकारांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं तेवढं सगळं चालतं, आणि घरची बाजरी चालत नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपणच म्हणतो आणि साबुदाणा वड्याची दुसरी प्लेट मागवतो. त्या ताटात आपली म्हणावी अशी एक वस्तू उरते, ती भगर. भगर म्हणजे वरईचा तांदूळ, आणि वरई होते ती दिंडोरीच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर, नागलीच्या शेजारी. तिथल्या घरांत ती रोजचं जेवण आहे. म्हणजे तिकडचं पोटभर जेवण डोंगर उतरून वणीच्या बाजारात आलं की त्याचा संयम होतो! नवरात्रात सप्तशृंगीला जाणारा भाविक उपवास म्हणून जे खातो, तेच तिकडून थिनिंगला आलेल्या मजुराच्या घरी रोजचं अन्न असतं. एकच दाणा, आणि तो खाण्याचं पुण्य मात्र एकालाच.

हा विनोद आकड्यांतही उतरलेला आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 20.8 टक्के कमी वजनाच्या आहेत आणि 23.4 टक्के जास्त वजनाच्या किंवा स्थूल. निम्म्याहून जास्त, 54.2 टक्के, रक्तक्षयी. एकाच राज्यात जवळपास सारख्याच संख्येने बायकांना कमी मिळतंय आणि जास्त होतंय. दोघींना एकच व्याख्यान ऐकवायचं, तर ते निदान एकीसाठी तरी चुकीचं असणार.

इथवर मी एका सरळ निष्कर्षाकडे चाललो होतो. संयमाचा उपदेश हा भरल्या पोटाचा छंद आहे. गरिबाला तो करू नये. आधी त्याला जेवू द्यावं. पण दोन गोष्टी आड आल्या.

पहिली गोष्ट आठवली ती 2018च्या सुमाराची. महाराष्ट्रात तेव्हा घराघरांत दोन पंथ पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा पंथ, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभा राहिलेला: दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत आटपा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: थोड्या थोड्या वेळाने, घरचं, ऋतुमानाचं, तूप न सोडता खा. लग्नाच्या पंगतीत लोक हमरीतुमरीवर येत. पण दोन्हींकडे एक गोष्ट समान होती. समोर आलेल्या वडीशी झुंजत बसा, असं दोघंही सांगत नव्हते. खायचं केव्हा हे आधीच ठरलेलं असेल, तर ताटापुढे मनाला कुस्ती खेळावी लागत नाही. संयम म्हणजे त्या क्षणीचा निग्रह कमी आणि आधी लावून ठेवलेली घडी जास्त, हे दोन्ही पंथांनी लोकांना न सांगता शिकवलं. आणि दोन्ही पंथांनी एक गृहीतही धरलं: खाणाऱ्याचं घड्याळ खाणाऱ्याच्याच हातात आहे. थिनिंगला आलेल्या बाईचं घड्याळ तिच्या हातात नाही. ते मुकादमाच्या हातात आहे, पिकअपवाल्याच्या हातात आहे, आणि माझ्या स्नेह्यांच्या हातात आहे.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. ‘गरिबाला संयम कुठून परवडणार’ हे माझं म्हणणं वरवर दयाळू असलं, तरी ते स्नेह्यांच्या म्हणण्याचंच दुसरं टोक आहे. त्या बायांना संयम नाही, यावर आमचं दोघांचं एकमत झालं होतं! पण ते म्हणणंच खरं नाही. घरात शेवटी जेवायचं, उरेल तेवढं खायचं, बागेत आडोसा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं, लघवी दाबून धरायची, अंग दुखत असताना पुढची रांग धरायची, डोळ्यांत पाणी आलं तर पदर पुढे ओढायचा. चरकाच्या पहिल्या यादीतले किती वेग या बाया रोज अडवतात, ते मोजून पाहावं. संयम त्यांच्यात आमच्यापेक्षा जास्त आहे; तो नको तिथे खर्च होतो, इतकंच. दिवसभर भूक, तहान आणि अश्रू आवरून धरणाऱ्या माणसाकडे राग आवरायला शिल्लक काय राहणार?

मग दुसऱ्या यादीचं काय? ती कुणाची? तिथे पहिला शब्द लोभ आहे, आणि इथे स्नेह्यांचा वेलीचा दृष्टान्त मला, त्यांना अभिप्रेत नसलेल्या बाजूने, पटायला लागला. बागेत संयम कोण पाळतं? वेल नाही पाळत. वेल फुटेल तेवढे घड काढते. घड जास्त ठेवले तर वजन वाढेल, पण साखर भरणार नाही आणि पुढच्या वर्षी वेल थकेल, हे जाणून हातातले घड जो काढून टाकतो, तो बागायतदार. आलेला फायदा डोळ्यांदेखत जमिनीवर पाडायला निग्रह लागतो, आणि तो स्नेह्यांकडे आहे. म्हणजे बागेचा धडा असा की संयम पाळायचा तो ज्याच्या हातात कात्री आहे त्याने. दुसऱ्याच्या वाढण्यावर, खाण्यावर, वेळेवर ज्याचा ताबा आहे, त्याने आधी स्वतःला आवरायचं. घरातही हेच. जो पगार आणतो, जी वाढते, ज्याच्या येण्यासाठी सगळे ताटकळतात, त्यांच्या वागण्यावर बाकीच्यांची भूक आणि बाकीच्यांचा स्वभाव ठरतो. जेवणाची वेळ पाळणं ही एरवी किरकोळ वाटणारी शिस्त आहे. ती सगळ्यांना शांत राहण्याची सोय करून देते.

तेव्हा संयमाचा उपदेश बंद करा, असं आता मला म्हणवत नाही. तो करावाच, फक्त त्याची दिशा बदलावी. भरल्या ताटावरच्या आमच्यासारख्यांनी तो ऐकावा. मधुमेहाची गोळी घेऊन जिलबी मागणाऱ्याने तर जरूर ऐकावा. आणि स्नेह्यांना माझं सांगणं व्यवहाराचं आहे. बागेत जेवणाची एक वेळ ठरवा, आडोसा आणि प्यायचं पाणी ठेवा. पण नुसती वेळ मोकळी ठेवून भागणार नाही. काम एकरावर उक्तं दिलेलं असलं की बाया स्वतःच सुट्टी बुडवतात, कारण बसलेला अर्धा तास त्यांच्याच मजुरीतून जातो. तो अर्धा तास उक्त्याच्या दरात धरावा लागेल. त्यासाठी जेवढा लोभ आवरावा लागेल, तो आवरणं वर्षभराच्या एकादश्यांपेक्षा अवघड आहे. पण संयम म्हणायचं तर त्यालाच म्हणावं लागेल.