कोरा कागद आणि वसलेली जमीन

कविता आवडली नाही तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. चित्र रुचले नाही तर प्रेक्षक पुढल्या चित्राकडे वळतो. वास्तुविशारदाची कृती अशी सहज टाळता येत नाही. ज्या खोलीत वारा शिरत नाही तीत जन्म काढणाऱ्यास ती खोली मिटून ठेवण्याची सोय नसते. म्हणून इतर ललितकलांत जो प्रश्न गौण ठरतो तो या कलेत पहिल्या दिवसापासून उभा राहतो : दुसऱ्याने ज्यात जगावयाचे त्याचे रूप ठरविण्याचा अधिकार कोणास, आणि तो कशाने प्राप्त होतो ? नामांकित वास्तुविशारदांप्रमाणेच हा प्रश्न वास्तुकलेच्या विद्यार्थ्यापुढेही आहे; किंबहुना त्याच्यापुढे तो अधिक आहे, कारण मनाच्या सवयी जडतात त्या याच वयात.

आपल्याकडे हा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. त्यात विद्यार्थ्यांकडून जे आराखडे करवून घेतात त्यांत तीन प्रकार हटकून आढळतात : एखाद्या कुटुंबाचे घर, उद्यानातील किंवा प्रदर्शनातील सार्वजनिक मंडप, आणि शहरातील एखाद्या जीर्ण वस्तीचे पुनरुज्जीवन. सामान्यतः ही लहानाकडून मोठ्याकडे जाणारी चढण समजली जाते. आम्हांस यात केवळ आकाराचा भेद दिसत नाही. या तिन्ही कामांत आराखडा करणारा आणि त्याचे फळ भोगणारा यांचे नाते मुळातच निराळे आहे. आणि ते ध्यानी न घेता एका कामाची रीत दुसऱ्यास लावली की अनर्थ ओढवतो.

प्रथम घराचा विचार करू. व्यवहारात घरमालक वास्तुविशारदासमोर बसलेला असतो. देवघर येथे नको, ओटा एवढा उंच नको, असे त्याला किंवा त्याच्या गृहिणीला म्हणता येते, आणि न पटल्यास दुसरा माणूस पाहता येतो. हा नकाराचा अधिकार हाच त्या नात्यातील नीतीचा पाया होय. विद्यार्थ्याचा घरमालक मात्र कागदावरचा असतो. पतिपत्नी नोकरी करणारी, दोन मुले, एक आजी, एवढेच त्याचे वर्णन. ही आजी कधी पापड वाळत घालीत नाही, तिला रात्री उठावे लागत नाही, न्हाणीघर लांब पडते म्हणून ती कुरकुरत नाही. इतके आज्ञाधारक कुटुंब जगात मिळत नाही. आणि त्याच्या सहवासात पाच वर्षे काढलेल्या तरुणास खऱ्या माणसांची कुरकुर म्हणजे कलेतील विघ्न वाटू लागले तर त्यात नवल नाही.

मंडपाची गोष्ट वेगळी. त्यात कोणी संसार मांडावयाचा नसतो. १९२९ साली बार्सिलोनाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मीस व्हान डेर रोहे याने जर्मनीसाठी उभारलेला मंडप पाहावा. संगमरवर, काच, पोलाद आणि पाण्याचे दोन हौद. आत मांडलेले असे जवळजवळ काहीच नाही, ती वास्तू हेच तेथले प्रदर्शन. १९३० साली तो मोडण्यात आला, आणि १९८३ ते १९८६ या काळात मूळ जागी पुन्हा जसाच्या तसा बांधण्यात आला. आपल्याकडील देवळाचे सभामंडप आणि नद्यांवरील घाट हेही याच जातीचे. येथे कोणीही यावे, घटकाभर टेकावे आणि निघून जावे. अशा ठिकाणी कलावंताने कल्पनेस मोकळे सोडावे हेच योग्य. कारण ज्याला ते रुचत नाही त्याला पुढे जाण्यास कोणी अडवीत नाही. येथे सौंदर्य हेच कर्तव्य, असे म्हटले तरी चालेल.

धोका आहे तो पुढे. मंडपाचा आराखडा काढताना जमीन मोकळी आहे असे धरून चालता येते. जीर्ण वस्तीची जमीन कधीच मोकळी नसते. तरीही विद्यार्थ्यापुढे दोन्ही प्रसंगी कागद सारखाच कोरा असतो, आणि भिंतीवर टांगलेला आराखडा लांबून कसा दिसतो याकडे परीक्षकाचे लक्ष प्रथम जाते. वाकड्या गल्ल्या नाहीशा होऊन तेथे सरळ हिरवा पट्टा आला की चित्र सुंदर दिसते. त्या पट्ट्याखाली कोणाची चूल होती हे चित्रात दिसत नाही.

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे, हे मुंबईच्या इतिहासावरून कळून येते. १८९६ साली त्या शहरात ग्रंथिज्वराची साथ उसळली आणि १८९८ साली शहरसुधारणेसाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा खेळावी म्हणून त्याने रुंद रस्ते पाडले. दादर-माटुंग्याकडील नव्या वसाहती त्याच्याच खटपटीचे फळ आहेत, आणि ते फळ कडू होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु आरंभीच्या वर्षांत घरे पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून अधिक होता. उठविलेल्या गरिबांस कामाच्या ठिकाणापासून दूर जाणे परवडत नव्हते. ते लगतच्या गल्ल्यांत शिरले आणि त्या गल्ल्या अधिकच कोंदट झाल्या. पुढे १९२० साली सरकारने निराळे खाते काढून वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधण्याचे काम अंगावर घेतले. याच त्या बी. डी. डी. चाळी. प्रत्येक कुटुंबास १६० चौरस फुटांची एक खोली. कायदेभंगाच्या चळवळीत यांपैकी वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. घर म्हणून बांधलेली इमारत इतक्या सहज तुरुंगाच्या कामी यावी, यातच पुष्कळ आले. ज्यांनी ते आराखडे केले ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी खोल्या मोजल्या होत्या; माणसांस विचारले नव्हते, एवढेच.

आणि विचारणे त्या काळी अशक्य होते असेही नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आला, त्याने आपल्या अनेक नगरांचे अहवाल लिहिले, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विभागाचे प्राध्यापकपद स्वीकारले. त्याची पद्धत अशी की, आधी गल्ल्यांतून पायी हिंडावे, घर अन् घर पाहावे, कोणती भिंत खरोखर खचली आहे आणि कोणता परसू अजून उपयोगी आहे हे नोंदवावे, आणि मग शक्य तितके कमी पाडून मोकळी जागा साधावी. वैद्य ज्याप्रमाणे नाडी पाहण्यापूर्वी शस्त्र हाती घेत नाही, त्याप्रमाणे नगररचनाकारानेही घेऊ नये, असे त्याचे सांगणे होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. जुने जपा, माणसांस विचारा, असे म्हणत बसले तर नवे कधीच घडणार नाही. आणि चाळीतील जिव्हाळ्याची स्तुती बहुधा तेच करतात ज्यांस सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभे राहावे लागत नाही. हे खरे आहे. त्याच बी. डी. डी. चाळींच्या जागी आता उंच इमारती उठत आहेत. २०२५ साली वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांची घरे मिळाली, आणि त्या घरांत शिरणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आनंदास नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांस नाही. स्वतः प्रशस्त घरात राहून दुसऱ्याच्या दारिद्र्याचे संग्रहालय करू पाहणे ही सुद्धा एक निर्दयताच होय. तथापि या आक्षेपाने पाडण्याची गरज सिद्ध होते, न विचारण्याची नव्हे. बहुमताने संमती दिली तरी जिचे नाव कोणत्याच कागदावर नाही अशी पोटभाडेकरू विधवा कोठे जाणार, दहाव्या मजल्यावर गेलेल्या म्हाताऱ्याची शेजाऱ्याशी गाठ कोठे पडणार, हे प्रश्न शिल्लकच राहतात. आणि ते आराखड्याचेच प्रश्न आहेत.

कला आणि विचारपूस यांचे वैर नाही, याचे एक उदाहरण इंदूर येथे आहे. बाळकृष्ण दोशी हे पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले वास्तुविशारद. त्यांच्या आराखड्यानुसार इंदुराजवळ १९८९ साली आकारास आलेल्या अरण्य वसाहतीत सुमारे ६५०० भूखंड आहेत. अत्यंत गरिबांस तेथे पुरे घर दिले नाही. जोते, पाणी, शौचकूप आणि फार तर एक खोली एवढेच दिले. पुढचे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व आवडीप्रमाणे वाढवावे. नमुन्यादाखल काही घरे बांधून दाखविली. ती आज्ञा म्हणून नव्हे, सूचना म्हणून. दोशींस २०१८ साली प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, तेव्हा या कामामुळे त्यांच्या कलेस उणेपणा आला असे कोणी म्हटले नाही. अर्धे काम मुद्दाम दुसऱ्याच्या हाती ठेवण्यास पुरे काम करण्याहून अधिक कौशल्य लागते.

तात्पर्य, आरंभी विचारलेल्या अधिकाराचे उत्तर आम्ही असे देऊ : तो पदवीने मिळत नाही आणि प्रतिभेनेही मिळत नाही, ज्याला नकार देऊन निघून जाता येत नाही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याने मिळतो. जुन्या वास्तूंची मापे घेण्याचा पाठ विद्यार्थ्यांस आजही देतात. त्याच पाठात वस्तीतील माणसांची मोजदाद यावी : कोण केव्हापासून राहतो, पोटापाण्यासाठी कोठे जातो, इमारत होईपर्यंत कोठे राहील, आणि परत येऊ शकला नाही तर काय करील. ही यादी आराखड्याशेजारी टांगावी, आणि परीक्षकांत त्या वस्तीतील एखाद्या गृहस्थाला किंवा बाईला बसवावे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-मुली या विद्येकडे वळत असतील. त्यांच्या चित्रांचे कौतुक घरी होतच असते. त्यासोबत तेथे आज कोण राहते, एवढा प्रश्न घरातील वडील माणसांनी विचारला तर त्या शिक्षणास पुष्कळच मदत होईल.