वाटणीची वही

नवापूरच्या रेल्वे स्थानकात एकाच फलाटावर दोन राज्ये आहेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातमध्ये, आणि गाडीची सूचना चार भाषांत. बाहेरगावचे लोक सीमेवरच्या बाकावर बसून फोटो काढतात. आम्हा नंदुरबारकरांना त्याचे अप्रूप राहिलेले नाही, पण गाडीला उशीर झाला की माझे मन हमखास एका प्रश्नाशी येऊन थांबते. १ मे १९६० च्या आधी हा सगळा फलाट एकाच राज्यात होता. रूळ तेच, सुरतेला जाणारी मिरचीची पोतीही तीच. मग मधून रेघ गेली तेव्हा कोणाच्या पदरात काय पडले आणि कोणाच्या पदरचे काय गेले?

आमच्या भागात या प्रश्नाचा वाद तीन पिढ्या चालू आहे. जुने लेख, अहवाल वाचताना माझ्या हळूहळू लक्षात आले की प्रत्येक पिढी वेगळ्याच गोष्टीवर भांडत होती. ‘फायदा की तोटा’ हे शब्द तेवढे सारखे राहिले.

पहिल्या पिढीचे भांडण मालकीचे होते. १९४८ मध्ये भाषावार प्रांतांसाठी नेमलेल्या दार आयोगासमोर मुंबईचा प्रश्न आला, तेव्हा सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारखी उद्योग-व्यापारातली मंडळी मुंबई वेगळी ठेवा म्हणत होती. या शहरात भांडवल आमचे आहे, ते एका भाषेच्या प्रांताच्या हाती गेले तर व्यापार बसेल, हा त्यांचा मुद्दा. धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूने उभे राहिले. शहर आपल्या मुलखावर जगते, बंदराला माल आणि गिरणीला माणूस कुठून येतो ते पाहा, असे या बाजूचे म्हणणे. एकाच शहराची दोन जमाखर्चाची पुस्तके होती. एकात भांडवलाचे रकाने होते, दुसऱ्यात श्रमाचे आणि भूगोलाचे. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी खरी असल्यामुळे बेरीज कधी जुळली नाही.

या वादात मला सर्वांत जास्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपाशी थांबावेसे वाटते. त्याच १९४८ मध्ये दार आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी महाराष्ट्र प्रांत क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि महसूल यांच्या जोरावर स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो, हे आकडे देऊन मांडले आणि मुंबई महाराष्ट्राचीच असे ठासून सांगितले. १९५५ साली भाषिक राज्यांवरच्या पुस्तकात मात्र त्यांनी मराठी मुलखाचे चार भाग सुचवले : मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. आमचा पश्चिम खानदेश त्यांनी मराठवाड्याबरोबर मध्य महाराष्ट्रात घातला होता. सात वर्षांत एवढा बदल का? माझी समजूत अशी की त्यांचा प्रश्नच पुढे सरकला होता. आधी ते विचारत होते, हे घर उभे राहील का. मग विचारू लागले, या घरात धाकट्याच्या ताटात काय पडेल. मोठ्या राज्यात मागासलेला भाग बलवान भागाच्या सावलीत राहतो, ही त्यांची काळजी होती. तेव्हा ते पुस्तक एकीत फूट पाडणारे म्हणून बाजूला सारले गेले. आज आमच्या सातपुड्यातल्या अक्राणीच्या डोंगरात उभे राहून वाचले तर त्यातली काळजी अंगावर येते.

राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल ३० सप्टेंबर १९५५ चा. आयोगाने विदर्भ वेगळा आणि गुजरात-महाराष्ट्र एकत्र, असे सुचवले. विदर्भ स्वतःच्या उत्पन्नावर चालेल, असा त्यांचा हिशेब होता. पुढे १९५६ चे मोठे द्विभाषिक राज्य आले, माणसे गोळीबारात पडली, चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले, तिकडे इंदुलाल याज्ञिकांचे महागुजरात आंदोलन पेटले. हा इतिहास आपण शाळेपासून ऐकतो. त्यातली एक बाजू मात्र क्वचित सांगितली जाते. गुजरातला स्वतंत्र राज्य हवे होते, पण सुरुवातीची वर्षे त्याच्या तिजोरीत तूट राहणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. म्हणून १९६० च्या पुनर्रचना कायद्यात गुजरातसाठी खास महसूल राखीव निधी ठेवला गेला आणि महाराष्ट्राने काही वर्षे पैसे द्यायचे ठरले. चूल वेगळी मांडणाऱ्या भावाला पहिल्या हंगामाचे बियाणे द्यावे, तसे. ज्याला तूट येईल असे तेव्हाच्या कागदावर लिहिले होते, त्या गुजरातच्या साखर कारखान्यांवर आज नंदुरबारची माणसे मजुरीला जातात. म्हणून वाटणीच्या दिवशी कोणी मांडलेल्या भाकितावर मी फारसा विसंबत नाही, मग ते माझ्या बाजूचे का असेना.

त्याच कायद्याने आमच्या पश्चिम खानदेशातली १५६ गावे गुजरातला गेली. ती नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवे या तालुक्यांतली. आज उच्छल, निझर या बाजूला जी गावे दिसतात, त्यांत ती शोधावी लागतात. पुढे तापीवर उकाईचे धरण झाले आणि त्याच्या पाण्याने तिथला बराच मुलूख व्यापला. मुंबई कोणाची यावर लाखो शब्द लिहिले गेले. या गावांसाठी किती लिहिले गेले? राज्ये भाषेवर पाडली, पण इथली भाषा भिल्ली, मावची, पावरी. ती मराठीच्या खात्यात लिहायची की गुजरातीच्या, हे लिहिणारा ठरवत होता. शेजारच्या डांगची बोली कोणाची यावर तर विद्वानांत जुंपली होती. नंदुरबार गाव तरी कुठे एका भाषेचे? ९ सप्टेंबर १९४२ ला स्वातंत्र्यलढ्यात इथे गोळी खाऊन पडलेला शिरीषकुमार मेहता गुजराती घरातला मुलगा होता. त्याच्या नावाचा चौक आमच्या गावाचा मध्य आहे.

दुसऱ्या पिढीचा शब्द ‘अनुशेष’. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८४ च्या अहवालात तिने राज्याचा अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये काढला. वाद आता मालकीवरून वाट्यावर आला होता. मागे राहिलेले भाग विचारत होते, आम्ही तुमच्याबरोबर आलो, मग आमच्या वाट्याचे कालवे, रस्ते, विजेचे पंप कुठे आहेत? प्रश्न न्याय्य होता आणि त्यासाठी आकडे लागतात हे दांडेकरांनी शिकवले, हे त्यांचे मोठे ऋण. पण मोजायचे माप जिल्ह्याचे होते. आमच्या तेव्हाच्या धुळे जिल्ह्याच्या सरासरीत तापीकाठचा शहादा होता, धुळे शहर होते आणि सातपुड्यातली अक्राणीही होती. जिथे केळी पिकते आणि जिथे बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली आणतात, त्या दोन जागांची बेरीज करून दोनाने भागले की एक बऱ्यापैकी आकडा निघतो. तो कोणाचाच नसतो. पुढे वैधानिक विकास मंडळे आली, त्यांत खानदेश ‘उर्वरित महाराष्ट्रा’त पडला, पुण्या-कोल्हापूरच्या पंगतीला.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून निघाला, त्याच दिवशी अकोल्यातून वाशीम. त्या वेळच्या चर्चा आमच्या पिढीच्या आठवणीत आहेत. अक्राणीतल्या धडगावच्या माणसाला एका दाखल्यासाठी धुळ्याला जायचे तर दिवस मोडायचा आणि मुक्कामाचा खर्च वेगळा. ही खेप वाचेल, हा फायदा कोणीही नाकारला नाही. विरोध करणारे म्हणत, कचेऱ्या बांधण्यात पैसा जाईल, व्यापार धुळ्यातच राहील, आदिवासी उपयोजनेचा निधी लोकसंख्येवर ठरतो, त्याला नवा जिल्हा कशाला? हे बोलणे अगदीच पोकळ नव्हते. जिल्हा वेगळा झाला तरी मध्यवर्ती सहकारी बँक वर्षानुवर्षे ‘धुळे व नंदुरबार’ अशा जोडनावाचीच राहिली आणि विधान परिषदेचा स्थानिक स्वराज्य संस्थांचा मतदारसंघही एकच. तलाठी खातेफोड करून देतो, सातबारे वेगळे होतात, पण विहीर सामाईक राहते. तसेच हे.

मग आकडे येऊ लागले. २०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात नंदुरबार राज्यात तळाला होता. २०१८ मध्ये केंद्राने विकासात मागे पडलेले ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्राचे चार : नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव. ‘बघा, वेगळे होऊन काय मिळवले?’ हे वाक्य तेव्हा मी धुळ्याच्या एका जुन्या स्नेह्याकडून ऐकले आणि मला उत्तर सुचले नाही.

सुचले ते नंतर, याच चार नावांकडे पुन्हा पाहताना. नंदुरबार धुळ्यातून निघाला, वाशीम अकोल्यातून, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून. आणि उस्मानाबादमधून त्याच वर्षी लातूर निघून गेले. चारही वाटणीची घरे. पण तिघे घर सोडून गेलेले आणि चौथा मागे राहिलेला. वेगळे होण्यानेच गरिबी येत असती तर लातूर या यादीत असायला हवे होते. वाटणीने या मुलखांना गरीब केले नाही, आधीपासूनची गरिबी सरासरीखालून बाहेर काढली. ३० जून १९९८ ला अक्राणीतल्या तोरणमाळच्या मुलाच्या ताटात जे होते तेच १ जुलैला होते. बदलला तो भागाकार.

याचा अर्थ वेगळे होणे भले ठरले, असे मला म्हणायचे नाही. दिसणे वेगळे आणि मिळणे वेगळे. २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. माणूस एकेकटा मोजला गेला, ही लहान गोष्ट नाही. पण मोजल्याने पोट भरत नाही. शिवाय नंदुरबारच्या सरासरीतही अक्राणी शहाद्यामागे लपतेच. उद्या अक्राणी वेगळी केली तर तिच्यातला एखादा पाडा लपेल.

ब्रिटनचा युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा वाद मी वाटणीच्या याच चष्म्यातून वाचत आलो. २०१६ च्या सार्वमताआधी बाहेर पडू म्हणणाऱ्यांनी बसगाडीवर आठवड्याला ३५ कोटी पौंडांचा आकडा रंगवला. त्यातून संघाकडून परत येणारे पैसे वजा केलेले नव्हते. नंतर तिथल्या सरकारी अंदाज कार्यालयाने दीर्घकाळात उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील असे धरले. बाहेर पडण्याच्या बाजूचे म्हणतात, साथ आली, युद्ध आले, सगळे या एकाच खात्यावर कसे टाकता? संघात राहिलेला ब्रिटन कुठे अस्तित्वातच नाही, तो कल्पनेने उभा करून तुलना करावी लागते. मला त्या कार्यालयाचा ४ टक्क्यांचा अंदाज पटतो, कारण आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या वाटेवर स्वतःच नाके बसवले की धंदा आटतो, हे सीमेवर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. १९६० साली आम्ही राज्ये वेगळी केली, पण नाणे, रेल्वे आणि कामाला जायची मोकळीक एकच राहिली. त्यांची वाटणी विहिरीचीही होती.

आता तिसऱ्या पिढीचे बोलणे सुरू झाले आहे. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांतला भिल्लांचा मुलूख एक करून भिल प्रदेश करावा, ही जुनी मागणी राजस्थानातल्या मानगढच्या मेळाव्यांतून पुन्हा जोराने येते, आणि नंदुरबार तिच्या नकाशात असतो. यावरही पहिला प्रश्न ठरलेलाच येतो : महसूल कुठून आणणार, चार राज्यांचे मागास कोपरे जोडून राज्य चालेल का? मला स्वतःला त्या राज्याबद्दल शंका आहेत. पण हा प्रश्न विचारणाऱ्याने दुसरी वहीही उघडली पाहिजे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात अक्राणी-अक्कलकुव्यातली ३३ गावे बुडिताखाली आली. १९७९ च्या नर्मदा लवादाने त्या धरणाच्या विजेचा २७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला. ती वीज राज्याच्या जमेला आहे. बुडालेली जमीन कोणाच्या खर्चाला लिहिली?

दिवाळी झाली की अक्राणी, अक्कलकुवे, नवापूरकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन बारडोलीकडे ऊस तोडायला निघतात. पडावावर पाचटाच्या खोपीत राहतात, मुले बरोबर असतात. त्यांनी तोडलेल्या उसाची किंमत गुजरातच्या उत्पन्नात धरली जाते, कारण उत्पन्न जिथे निघते तिथे मोजायचे असा नियम आहे. त्यांची रिकामी घरे आणि शाळेच्या पटावरची गैरहजर नावे नंदुरबारच्या खात्यात राहतात. काठी गावच्या राजवाडी होळीला माणसे परत येतात. ढोल बांधले जातात, मोरपिसांचे टोप चढतात. उचल फिटली का आणि फिटून काय उरले, याचा हिशेब त्या रात्री घरोघर तोंडीच होतो.