पडदा आला, पाठ कोणता?

बालभारतीचं पाठ्यपुस्तक उघडलं की एक काळा-पांढरा चौकोन दिसतो. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरला की त्या धड्याचे व्हिडिओ, कवितेच्या चाली, सराव-प्रश्न असं काहीबाही दीक्षा ॲपवर उघडतं. आता तो इतका अंगवळणी पडला आहे की कुणी त्याच्याकडे मुद्दाम बघतही नाही. पण हा क्यूआर कोड पुस्तकात शिरला तो सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातून, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तिथे शिक्षक म्हणून आले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती आणि शेजारी गुरांचा गोठा होता. मुलींची घरची भाषा कन्नड, पुस्तक वेगळ्या भाषेतलं. डिसले स्वतः कन्नड शिकले, धडे मुलांच्या भाषेत आणले आणि ते ऐकता-बघता यावेत म्हणून पुस्तकाच्या पानांना क्यूआर कोड जोडले. २०१७ मध्ये राज्याने ही कल्पना सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांसाठी स्वीकारली आणि पुढे एनसीईआरटीनेही तीच वाट धरली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झालं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या कथेतला पुरस्कार सगळ्यांच्या लक्षात राहिला, क्रम मात्र निसटला. आधी एक अडचण होती: मुलांना पुस्तकाची भाषा कळत नव्हती. मग शिक्षकाने ती भाषा शिकून घेतली, आणि त्यानंतर तंत्र आलं. महाराष्ट्रातल्या शाळांत गेल्या दहा-बारा वर्षांत जे डिजिटल साहित्य येऊन पडलं, त्यातलं बरंचसं नेमकं उलट्या क्रमाने आलं. आधी यंत्र आलं आणि मग त्याचं काय करायचं याचा शोध सुरू झाला.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात हा क्रम सुलटा करून बघण्यासारखी एक जागा आहे. कुकडी आणि घोडच्या पाण्यावर इथे ऊस वाढला आणि नागवडे, कुकडी यांसारखे साखर कारखाने उभे राहिले. दिवाळी झाली की ऊसतोड टोळ्या येतात. बीडकडून येतात, तशा याच जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगावकडूनही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे नवरा-बायको दोघंही फडात. घरी सांभाळणारं कुणी नसेल तर पोरंही बरोबर. कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, रांगा लागतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, तेच घर. त्या मुलाचं गावच्या शाळेत नाव असतं, पण शाळेचं निम्मं वर्ष गावाबाहेर जातं. सरकारने अशा स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय केली. मूल कुठल्या इयत्तेत आहे, त्याला काय येतं, हे त्या कार्डावर लिहिलेलं असावं आणि फडाजवळच्या शाळेने त्यावरून त्याला सामावून घ्यावं, अशी कल्पना. ती चांगली आहे. पण कार्ड हा कागद आहे, आणि कोपीत कागद टिकत नाही.

राज्यभर पुस्तक एकच आहे, ही या मुलांच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. पाथर्डीच्या डोंगराळ भागातल्या शाळेत जो धडा चालू होता, तोच श्रीगोंद्याच्या शाळेतही आहे. पुस्तकातला क्यूआर कोडही तोच. म्हणजे तत्त्वतः मुलाचा अभ्यास कुठेही तुटायला नको. व्यवहारात काय होतं? कोपीत फोन एकच, तोही बापाच्या खिशात. बाप पहाटे फडात जातो, गाडी भरून कारखान्यावर खाली करून रात्री परततो. कोपीत वीज नसेल तर फोन चार्जिंगला लावायचा तो टपरीवर किंवा ट्रॅक्टरवर. रिचार्ज संपला की पुढच्या पैशांची वाट. अशा घरासाठी पंधरा मिनिटांचा झगमगीत व्हिडिओ निरुपयोगी आहे. दोन मिनिटांचा आवाज मात्र उपयोगी आहे: गावच्या बाईंनी स्वतःच्या आवाजात वाचलेला उतारा, एकदा उतरवून घेतला की रेंज नसतानाही ऐकता येणारा. मुलीने तो ऐकावा, तोच उतारा स्वतः वाचून फोनमध्ये रेकॉर्ड करावा आणि वडिलांच्या फोनला रेंज आली की तो बाईंकडे जावा. ती ‘झाडावर’ला अडखळते की ‘जोडाक्षर’ला, हे बाईंना शंभर किलोमीटरवरून ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी त्या त्याच अक्षरांचा सराव पाठवू शकतात.

एवढ्यासाठी नवं ॲप लागत नाही, इंटरॅक्टिव्ह पॅनलही लागत नाही. लागतो तो एक शिक्षक, ज्याला या कामासाठी रोज अर्धा तास मोकळा मिळतो. यंत्रांच्या खरेदीचे आकडे शासन आवर्जून देतं, पण या अर्ध्या तासाचा हिशेब कुठल्याच अहवालात दिसत नाही.

महाराष्ट्राचा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा अनुभव काही कालपरवाचा नाही. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली. दूरदर्शनवर लागणारे तिचे कार्यक्रम पाहत एक अख्खी पिढी वाढली. प्रयोग, गोष्टी, कळसूत्री बाहुल्या, सगळं मराठीत. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, मग इंटरनेट आलं. संस्थेला नव्या माध्यमात नेण्याऐवजी तिची आबाळ झाली आणि २०१७ मध्ये ती बंद पडली. मराठीत मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती कशा बनवायच्या, हे जाणणारी माणसं त्याच काळात विखुरली, ज्या काळात शाळाशाळांत पडदे लागत होते. हा योगायोग दुर्दैवी होता आणि त्याची किंमत आजही मोजावी लागते. गुरुजी यूट्यूबवर ‘घनफळ’ शोधतात तेव्हा समोर येतं ते बहुधा कुणीतरी फळ्यासमोर उभं राहून दिलेलं व्याख्यान. तेच गुरुजी स्वतः देऊ शकतात, अधिक चांगलं देऊ शकतात.

शाळाशाळांत पडदे लागण्याची लाट ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातून निघाली. पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा राज्यातल्या अगदी पहिल्या डिजिटल शाळांपैकी एक. शिक्षकाने आदिवासी पाड्यावरच्या वर्गात संगणक आणि प्रोजेक्टर आणला आणि पाहायला राज्यभरातून माणसं आली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर या उत्साहाला वेग आला. गावोगाव लोकवर्गणी झाली. कुठे यात्रेतली शिल्लक रक्कम शाळेला गेली, कुठे माजी विद्यार्थ्यांनी एलईडी टीव्ही घेऊन दिला. श्रीगोंद्याशेजारच्या शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीचं नाव तर देशभर गेलं. लोकांनी खिशात हात घालून सरकारी शाळेसाठी पैसे काढले, ही साधी गोष्ट नव्हती.

मग यूपीएसची बॅटरी गेली. प्रोजेक्टरचा दिवा गेला. सादिल अनुदानात वीजबिल भागेना आणि राज्यात कितीतरी शाळांची वीज थकबाकीपायी तोडली गेली. ज्या शिक्षकाने हे सगळं उभं केलं त्याची बदली झाली. वर्गणी यंत्रासाठी काढली होती, दुरुस्तीसाठी कुणी काढत नाही.

पण यंत्र नीट चालू असलं तरी मूल शिकतंच असं नाही, आणि याचा चांगला पुरावा आता हाती आहे. पेरू देशाने लाखो मुलांना स्वस्त लॅपटॉप दिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर त्याचा काहीही परिणाम दिसला नाही. त्याच ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराटच्या छोट्या शाळेत झाला होता. त्याची छायाचित्रं जगभर गेली, देशाच्या शिक्षणात त्याने काही बदललं नाही. गुजरातेत ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने केलेला प्रयोग याहून बोलका आहे. गणिताचा तोच संगणक कार्यक्रम शाळेच्या वेळात, शिक्षकाच्या तासाऐवजी चालवला तेव्हा मुलं मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर, जास्तीचा म्हणून चालवला तेव्हा पुढे गेली. कार्यक्रम एकच, मुलं एकाच प्रकारच्या शाळांतली. फरक एवढाच की एकीकडे त्याने शिक्षकाचा तास खाल्ला होता.

दिल्लीतला ‘माइंडस्पार्क’ या संगणक कार्यक्रमाचा अनुभव आशेचा आहे. शाळेनंतरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत मुलांनी गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती केली. कारण असं की सातवीतल्या मुलाला जर तिसरीचं गणित येत नसेल, तर तो कार्यक्रम त्याला तिसरीपासून प्रश्न देत होता. शिक्षकालाही हे कळतं, पण चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला वेगळा प्रश्न देणं एका माणसाच्या आवाक्यात नसतं. इथे यंत्र खरोखर कामाला येतं. दोन शिक्षक आणि चार इयत्ता अशी स्थिती असलेल्या वाडीवस्तीच्या शाळेत तर फारच. एका इयत्तेला गुरुजी शिकवत असताना दुसरीतली चार मुलं टॅबवर आपापल्या पातळीचा सराव करू शकतात.

आता एक पाठ जवळून पाहू. सातवीच्या गणितात जोडस्तंभालेख आहे. पुस्तकातली उदाहरणं ठीक आहेत, पण त्यातले आकडे मुलांचे कुणी लागत नाहीत. श्रीगोंदा हा पर्जन्यछायेतला तालुका. पाऊस हा इथे जेवणाच्या ताटावरचा विषय आहे. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस रोज मिळतो. काष्टी, बेलवंडी, मांडवगण, कोळगाव, पेडगाव ही नावं मुलांच्या मामाच्या, मावशीच्या गावांची आहेत. मुलांनी जून ते सप्टेंबरचे आकडे उतरवून घ्यावेत. दोन मंडळांचे स्तंभ शेजारीशेजारी आधी हाताने, आलेखाच्या कागदावर काढावेत. प्रमाण चुकलं की स्तंभ कागदाबाहेर जातो, आणि प्रमाण म्हणजे काय हे तेव्हाच कळतं. मग तेच आकडे स्प्रेडशीटमध्ये घालून संगणकाचा आलेख पाहावा. दरम्यान शाळेच्या आवारात प्लॅस्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक ठेवलेला असावा. त्याचा आकडा आणि सरकारी आकडा जुळला नाही, की वर्गात खरा वाद सुरू होतो: बाटली चुकली, की मंडळाच्या केंद्रावर पाऊस झाला आणि आपल्याकडे झालाच नाही? पिकविम्याच्या निमित्ताने हाच वाद त्यांचे वडील तलाठ्याकडे आणि कृषी सहायकाकडे घालत असतात. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. ते हिशेब सातवीच्या गणितापलीकडचे नाहीत.

भूमितीतही असंच. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे मुलं पाठ करतात. जिओजेब्रा या मोफत साधनात शिरोबिंदू बोटाने ओढत नेला की तिन्ही कोन बदलत राहतात, बेरीज मात्र हलत नाही. असे पन्नास त्रिकोण फळ्यावर काढून होत नाहीत. फळ्याला जे जमत नाही ते पडद्याने करावं, आणि जे फळ्याला उत्तम जमतं ते त्याच्याकडेच राहू द्यावं.

पडद्यावर बघण्यापेक्षा मुलांच्या हातून काही तयार होणं अधिक मोलाचं. श्रीगोंदा ही ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या संत शेख महंमदांची भूमी. भीमेच्या काठावरचा पेडगावचा किल्ला, तिथलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर, महादजी शिंद्यांच्या घराण्याशी असलेलं श्रीगोंद्याचं नातं, यातलं बरंच काही वयस्कर माणसांच्या बोलण्यात आहे. मराठीत ते नीट लिहिलेलं फार थोडं सापडतं. आठवी-नववीच्या मुलांनी एका आजोबांची मुलाखत फोनवर रेकॉर्ड करावी, ती शब्दशः उतरवावी, उपग्रह नकाशावर किल्ल्याची तटबंदी शोधावी, मग प्रत्यक्ष जाऊन पाहावी आणि पडताळून एक पान लिहावं. भाषा, इतिहास, भूगोल यांचा असा तास ज्यांनी एकदा केला, ती मुलं फोनकडे पुन्हा निव्वळ करमणुकीचं खेळणं म्हणून बघणार नाहीत.

याची गरज किती आहे ते ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीतून दिसतं. ग्रामीण भारतातली १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमं वापरली होती, अभ्यासासाठी फोन वापरला तो ५७ टक्क्यांनी. फोन घरात पोचला आहे. त्याने अभ्यास कसा करायचा हे शिकवणारं माणूस घरात नाही. ते शाळेतच असू शकतं.

टाळेबंदीतही हाच धडा मिळाला होता. सोलापुरात नीलमनगर भागातल्या शिक्षकांनी वस्तीतल्या भिंतींवर धडे रंगवले. पालघरच्या जव्हार-मोखाड्यात गावोगाव लाउडस्पीकरवरून ‘बोलकी शाळा’ भरली. ‘टिलीमिली’ मालिका सह्याद्री वाहिनीवरून घरातल्या साध्या टीव्हीवर आली. मुलाजवळ काय आहे हे आधी पाहून निवडलेली ही साधनं होती, म्हणून ती पोचली.

शिक्षकांच्या वाट्याला मात्र तंत्रज्ञान येतं ते बहुतेक वेळा माहिती भरण्याच्या रूपात. सरल, यू-डायस, पोषण आहाराची रोजची नोंद, प्रशिक्षणांच्या लिंक, व्हॉट्सॲप गटावर ‘तात्काळ’ म्हणून मागितलेले फोटो. शाळेतला एकमेव चालू संगणक या कामात अडकलेला असतो आणि तो चालवणारा शिक्षकही. वर्गासाठी तंत्रज्ञान हवं असेल, तर आधी हे ओझं शिक्षकावरून उतरवून केंद्र पातळीवर एखाद्या कर्मचाऱ्याकडे द्यायला हवं. त्याचा खर्च पॅनलच्या खरेदीपेक्षा अधिक फळ देईल.

श्रीगोंद्यात आणि इतरत्रही शाळा व्यवस्थापन समित्यांपुढे लवकरच कुणीतरी नवा प्रस्ताव घेऊन येईल. कुणी कंपनीचा सामाजिक निधी आणेल, कुणी आमदार निधीतून पॅनल देऊ करेल, आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेचं नाव घेऊनही माणसं येतील. समितीतल्या पालकांनी तेव्हा लाजू नये. शाळेतल्या बाईंना आणि गुरुजींना सर्वांसमोर विचारावं: याच्यावर पहिल्या महिन्यात कोणते पाच पाठ घेणार, त्यात मुलं स्वतः काय करणार, आणि बंद पडलं तर दुरुस्तीचे पैसे कुठून येणार? उत्तरं मिळाली तर वस्तू जरूर घ्यावी. नाही मिळाली तर त्या पैशांत शाळेचं थकलेलं वीजबिल भरावं आणि ग्रंथालयासाठी मराठी पुस्तकं आणावीत.