कुणाच्या बचावाचा तास?

हैदराबादच्या खासगी रुग्णालयांत ‘कायदा आणि तुमचं रजिस्ट्रेशन’ या विषयावर नर्सेसचा तास घ्यायला मला बोलावतात. नामपल्लीचं उदाहरण निघालं की वर्ग चिडीचूप होतो. ती शांतता मला आवडते. सांगायला लाज वाटते, पण आवडते. मार्च 2019 मध्ये तिथल्या शहरी आरोग्य केंद्रात लस टोचलेल्या बाळांसाठी पॅरासिटामॉलऐवजी ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकाच्या गोळ्या दिल्या गेल्या. दोन बाळं दगावली, कित्येकांना निलोफर रुग्णालयात हलवावं लागलं. हे मी बाळांसाठी सांगते, की तास रंगावा म्हणून?

नर्सेसची भीती निराधार नाही. भारतीय दंड संहितेच्या जुन्या 304-अ कलमात निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कमाल शिक्षा दोन वर्षं होती, सगळ्यांना सारखी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आलं आणि ती पाच वर्षं झाली. उपचार करताना घडलं तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला मात्र दोनच. हा व्यावसायिक म्हणजे वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला, असा खुलासा कलमातच आहे. नर्सचं नाव असतं नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत. म्हणजे खाट तीच, औषध तेच, आणि डॉक्टरला दोन, सिस्टरला पाचपर्यंत? “मॅडम, और हमको?” असं एका मुलीने विचारलंच. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात अटकेची घाई करू नका असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, तेही डॉक्टरांबद्दल. माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. मी पुढच्या स्लाइडवर गेले.

पुढची स्लाइड नोंदींची. फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवा, वेळ टाका, नंतर सही घ्या. व्हाइटनर लावू नका. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ, शेजारी सही. सगळं बरोबरच आहे. पण मध्यंतरी माझंच बोलणं मनात घोळवलं तेव्हा लक्षात आलं, रुग्ण माझ्या वाक्यांत येतो तो फक्त तक्रारदार म्हणून. तो कधीपासून आमचा प्रतिपक्ष झाला?

अमेरिकेतल्या रॅडोंडा वॉटची गोष्टही मी सांगते. 2017 मध्ये तिच्या हातून भलतंच औषध टोचलं गेलं, रुग्ण दगावली. तिने ते लपवलं नाही. 2021 मध्ये लायसन्स गेलं, 2022 मध्ये ती फौजदारी खटल्यात दोषी ठरली. समोरच्या विशीतल्या मुलीने यातून काय घ्यायचं? तोंड उघडू नये, हेच ना? आणि ट्रॅमाडॉल पोटात गेलेल्या बाळाला वाचवायचं तर कुणीतरी तत्काळ तोंड उघडण्यावाचून मार्ग नाही. मी रजिस्ट्रेशन वाचवायला शिकवताना नेमकं तेच बंद करत नाही ना?

आता क्रम बदलावा असं वाटतं. चूक दिसली की आधी डॉक्टरला सांगा, मग वेळेसकट लिहा, रजिस्ट्रेशनचा विचार त्यानंतर. हे सांगायला मला सोपं आहे, मी काही नाइट ड्यूटीला उभी राहत नाही. उभ्या राहणाऱ्या नर्सला मी कोणती हमी देणार?

आणखी एक गोष्ट मी सोयीस्करपणे टाळत आले. कागदावरचा निकष सामान्य वॉर्डात पाच-सहा रुग्णांमागे एक नर्स असा. प्रत्यक्षात काय असतं ते मलाही माहीत आहे आणि मला मानधन देणाऱ्यांनाही. ‘आज वॉर्डात मी एकटी, रुग्ण इतके, सुपरवायझरना इतक्या वाजता कळवलं’ ही ओळ रिपोर्ट बुकात लिहा, असं मी आजवर एकाही वर्गात सांगितलेलं नाही. नर्सच्या बचावाची ती सर्वांत भक्कम नोंद ठरू शकते. पण ती लिहिणारीला मेमो मिळेल, आणि शिकवणारीला पुढचं बोलावणं येणार नाही. खरं सांगायचं तर मला आधी आठवलं ते बोलावणंच.