पाच आघात

स्वस्थ बसा. ‘अवे’ हा ‘दूर’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द सावकाश उच्चारा. आपली मराठी जीभ दोन्ही अक्षरांना जवळपास सारखंच वजन देते. आता ‘अ’ नुसता निसटू द्या आणि ‘वे’वर आवाज टेकवा. तो किंचित चढेल, किंचित रेंगाळेल. हा आघात. आपले लघु-गुरू उच्चाराला लागणाऱ्या वेळेवर ठरतात; जुन्या ग्रीक आणि लॅटिन कवितेतही तसंच होतं. इंग्रजीने गणांची नावं तिथून घेतली, पण मोजला तो आघात.

घाई नको. श्वास सोडा.

आता सलग म्हणा : अवे, अगेन, टुडे, बिलो, अलोन. प्रत्येक शब्दात पहिलं अक्षर हलकं, दुसरं जड. दहा अक्षरं, पाच आघात. हे आयांबिक पेंटामीटर. चौदाव्या शतकात चॉसरने ते इंग्रजीत रुजवलं. मिल्टनने १६६७ साली प्रसिद्ध झालेलं ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे दहा हजारांहून अधिक ओळींचं महाकाव्य यमकाविना याच चालीवर रचलं.

पुन्हा म्हणा. चाल कानात बसली की ओठ मिटा आणि ती आत चालू राहते का, ते ऐका.

ती चालू असतानाच पहिला शब्द बदला : विंडो, अगेन, टुडे, बिलो, अलोन. ‘विंडो’चा आघात पहिल्याच अक्षरावर पडतो. ओळ दचकते, पुढच्या शब्दापाशी सावरते. त्या दचकण्यापाशी जरा थांबा. कवी हे जाणूनबुजून करतात, विशेषतः ओळीच्या आरंभी. विलंबित ख्यालात गायक ठेक्यापासून सुटा होऊन समेवर परततो, तसंच काहीसं. मात्र इथे ठेका धरून असतो तो तुमचाच कान. या वृत्तातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. कान ज्याची वाट पाहतो ते आणि आवाज प्रत्यक्षात करतो ते, दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. बोलणाऱ्याचा राग, त्याचं अडखळणं त्या फटीतून कळतं.

इंग्रजीत याच चालीवर चालणारं सॉनेट केशवसुतांनी मराठीत आणलं तेव्हा चौदा ओळी आल्या, ही चाल आली नाही. मराठी उच्चारात आघात इतका ठळक नसतोच. आपली सुनीतं शार्दूलविक्रीडितासारख्या वृत्तांत रमली.

आता शेवटचा शब्द बदला. ‘अलोन’च्या जागी ‘टुगेदर’ म्हणा. पाचवा आघात ‘गे’वर पडून गेला तरी एक हलकं अक्षर मागे उरतं, अकरावं. ओळ ठामपणे टेकत नाही. हॅम्लेटच्या सर्वांत प्रसिद्ध स्वगताच्या पहिल्या चारही ओळी अशाच, अकराव्या अक्षरावर सुटतात. जगावं की नाही हे न ठरलेला माणूस बोलतो आहे.