गोष्टीतल्या माणसांना वेळ दे

उचगाव, ता. करवीर

चि. बाळी,


तुझी कथा पोचली. पहाटे पाणी तापेपर्यंत एकदा वाचली, दुपारी निवांत पुन्हा वाचली. मन तुझं निर्मळ आहे, हातही चांगला आहे. काळजी एवढीच की तुला घाई फार. दोन पानांत सरपंच, पोस्टमन, दोन मावश्या, मुंबईचा भाऊ येऊन गेले, आणि एकाचंही तोंड मला नीट दिसलं नाही गं. भाकरी तव्यात पडल्या पडल्या उलटली तर मोडतेच की!

गोष्टीत माणूस कशासाठी घ्यावा, ते आपल्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांकडून शिक; ते कोल्हापुरात शिक्षक होते. त्यांच्या १९६७ सालच्या 'मृत्युंजय' कादंबरीत कर्णाची गोष्ट कर्ण सांगतो, कुंती, दुर्योधन, वृषाली, कृष्ण सांगतात, आणि धाकटा भाऊ शोणही सांगतो. एवढ्या थोरामोठ्यांत शोणाचं काय काम, असं वाटेल तुला. पण जगाला ठाऊक तो धनुर्धर कर्ण, दानशूर कर्ण. घरातला थोरला भाऊ कसा होता, हे शोणावाचून कोण सांगणार? माणूस लहान असला तरी चालतो, बाळी, त्याच्यावाचून अडलं पाहिजे.

तेव्हा असं कर. एकेक नाव बोटानं झाकून कथा वाच. गोष्ट कुठंच अडली नाही, तर त्या माणसाला गोडीगुलाबीनं घरी पाठव. पैशासारखी माणसंही जपून खर्चावीत.

आणि जे उरतील त्यांच्याजवळ बस. सुट्टीत आलीस की लवकर ऊठ (उठतेसच तू, मला माहीत आहे) आणि माझ्याबरोबर डेअरीवर चल. तिथं एक म्हातारबा म्हशीचं दूध घालायला येतात. फॅट चांगली लागली की मापाची चिठ्ठी हातात धरून, दिसेल त्याच्याशी बोलत घरी जातात. कमी लागली की तीच चिठ्ठी दोनदा घडी घालून टोपीत सारतात आणि खाली बघून चालू लागतात. घरी कुणाला कळू नये म्हणून असेल, नाहीतर म्हशीची अब्रू राखायची म्हणून असेल! त्यांचं वय, रंग, उंची तू लिहिली नाहीस तरी चालेल, पण ती चिठ्ठी ते का लपवतात, हे कळल्याशिवाय लेखणी उचलू नकोस. निपाणीच्या महादेव मोरेंनी पिठाची गिरणी चालवत ड्रायव्हर, मेस्त्री, तंबाखूच्या वखारीतल्या बायका यांच्यावर लिहिलं. ही माणसं त्यांच्या रोजच्या बघण्यातली होती.

मुंबईच्या भावाला मात्र ठेव. शेवटी तो जेवायला न बसताच निघतो, तिथं काहीतरी आहे. का निघतो, ते आधी तू शोध. दिवाळीपर्यंत नाही सापडलं तर संक्रांतीला पाठव कथा. मी कुठं पळून चाललेय?

जेवणखाण वेळेवर कर.

तुझी,
आजी