चंचल बालक आणि दोषाचा प्रश्न

कोणासही दोषी ठरविण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, असे कायदा आम्हांस शिकवितो: कृत्य घडले काय, आणि ते टाळण्याइतकी समज कर्त्याच्या ठायी होती काय. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील बालकाचे कृत्य गुन्हाच ठरत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज कितपत परिपक्व होती, हे तपासले जाते. घरात व शाळेत मात्र हा दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. एका जागी न बसणारे मूल द्वाड ठरते आणि तेथेच निकाल लागतो.

वैद्यकशास्त्राचीही सुरुवात नीतीच्याच भाषेने झाली. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्याने देताना डॉ. जॉर्ज स्टिल यांनी, बुद्धी शाबूत असूनही 'नैतिक संयम' उणा असलेल्या मुलांचे वर्णन केले. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांस बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध दिले. जवळजवळ निम्म्यांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली. आज या अवस्थेस एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणतात. २००७ साली डॉ. फिलिप शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, मेंदूच्या बाह्यपटलाच्या वाढीचा जो टप्पा इतर मुले सुमारे साडेसाताव्या वर्षी गाठतात, तो ही मुले सुमारे साडेदहाव्या वर्षी गाठतात. ज्यास आपण हट्ट म्हणतो, त्यात पुष्कळदा विलंब असतो.

तथापि प्रत्येक चंचल मूल रोगी नव्हे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डिसेंबरात जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असतात. जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यावर या विकाराचा शिक्का बसण्याचे प्रमाण मुलग्यांत ३० टक्क्यांनी व मुलींत ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. येथे चूक मोजणाऱ्याच्या मापात होती. वयाच्या कोवळेपणासच रोग म्हटले गेले.

दोष काढून घेतला तर मूल बेजबाबदार होईल, अशी शंका कोणी घेईल. आमच्या मते दोष आणि जबाबदारी या भिन्न गोष्टी आहेत. मन आवरणे वाऱ्यास आवरण्याइतके कठीण, हे गाऱ्हाणे गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनासारख्या प्रौढ योद्ध्याने केले. भगवंतांनी त्यास दूषण दिले नाही. ते कठीण आहे हे मान्य करून अभ्यास व वैराग्य हा मार्ग दाखविला. सात वर्षांच्या बालकास संयम शिकवावयाचाच आहे. परंतु त्याची शक्ती ओळखून, वेळ देऊन, गरज पडल्यास वैद्याच्या साहाय्याने. ती शक्ती येईपर्यंत जबाबदारी वडीलधाऱ्यांची आहे.